उसन्या अवयवाचा स्वधर्म

अंबरनाथ गांवाच्या पूर्वेस, वालधुनी नदीच्या कांठीं, शिलाहार राजांच्या काळचें एक शिवमंदिर आहे. त्याच्या भिंती आंतबाहेर शिल्पांनीं भरून गेल्या आहेत. शिखराचा वरचा भाग केव्हांच ढासळला आहे. आणि गर्भगृहांत जाण्यासाठीं भाविकाला पायऱ्या चढाव्या न लागतां उतराव्या लागतात. या मंदिराच्या एका दाराच्या तुळईवर एक लहानसा शिलालेख कोरलेला आहे. एकोणिसाव्या शतकांत तो प्रथम वाचून विद्वानांपुढें मांडला तो डॉ. भाऊ दाजी लाड यांनीं. त्यांनीं त्यांतील शकाचा आंकडा ७८२ असा वाचला. म्हणजे मंदिर इसवी सन ८६० चें ठरलें. पुढें, भाऊ दाजींच्या पश्चात्, त्यांच्याच हाताखालीं तयार झालेले पंडित भगवानलाल इंद्रजी यांनीं तो लेख पुन्हां बारकाईनें तपासला, तेव्हां पहिला अंक सात नसून नऊ आहे असें दिसून आलें. शक ९८२, म्हणजे इसवी सन १०६०. राज्य शिलाहार मुम्मुणीचें. एका अंकानें मंदिराचें वय दोनशें वर्षांनीं उतरलें. दगड तोच होता, वाचन बदललें.

भाऊ दाजींची आठवण महाराष्ट्र बहुधा प्राच्यविद्येचा उपासक म्हणून ठेवतो. परंतु ते व्यवसायानें डॉक्टर होते. मुंबईचें ग्रँट मेडिकल कॉलेज १८४५ मध्यें सुरू झालें आणि तेथून १८५१ मध्यें जी पहिली तुकडी शिकून बाहेर पडली, तींत भाऊ दाजी होते. त्याच १८५१ सालीं लंडनच्या सेंट टॉमस रुग्णालयांत जॉन सायमन नांवाच्या शस्त्रवैद्यानें एक धाडस केलें. त्याच्यापुढें आलेल्या मुलाचा मूत्राशय जन्मतःच उघडा होता. सायमननें त्याच्या मूत्रपिंडांकडून येणाऱ्या नळ्यांची वाट मोठ्या आंतड्याच्या शेवटच्या भागाकडे वळविली. मुलगा सुमारें वर्षभर जगला. एका अवयवाचें काम दुसऱ्या अवयवाकडे सोंपविण्याचा हा आरंभींचा प्रयत्न होय. पुढें शंभराहून अधिक वर्षें हा विचार आंतड्यांच्या आश्रयानें वाढत गेला आणि विसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत तो जठरापाशीं येऊन पोंचला. जठराच्या भिंतीचा तुकडा कापून त्याचा मूत्राशय बनवावयाचा, ही कल्पना ऐकणाऱ्याला कादंबरीतली वाटेल. परंतु ती प्रत्यक्षांत आली, तिनें कित्येक मुलांचीं मूत्रपिंडें राखलीं, आणि तिनेंच शस्त्रवैद्यांना एक कठोर धडा दिला. उसना घेतलेला अवयव नवीन जागीं गेला तरी आपला जुना स्वधर्म सोडीत नाहीं, हा तो धडा होय.

मूत्राशयाविषयीं सभ्य घरांत उघडपणें बोलण्याची चाल नाहीं. ज्याचा मूत्राशय निरोगी आहे त्याला बोलण्याचें कारणही पडत नाहीं. आपल्या पूर्वजांना मात्र हा संकोच नव्हता. सुश्रुतानें बस्तीचें, म्हणजे मूत्राशयाचें, वर्णन भोपळ्याच्या आकाराची पिशवी असें केलें आहे. तिच्यांत मूत्र कसें सांचतें हें सांगतांना त्यानें नव्या मातीच्या घागरीचा दृष्टांत घेतला: घागर तोंडापर्यंत पाण्यांत बुडवून ठेवली तर तिच्या अंगांतून पाणी झिरपून ती जशी भरते, तसा बस्ती भरतो. शारीरशास्त्राच्या दृष्टीनें ही उपमा बरोबर नाहीं. मूत्र झिरपत नाहीं, तें दोन्ही मूत्रपिंडांकडून दोन बारीक नळ्यांच्या वाटेनें थेंबाथेंबानें येतें. किंबहुना सत्य याच्या नेमकें उलट आहे. निरोगी मूत्राशयाचें अस्तर असें घट्ट असतें कीं त्यांतून आंतलें बाहेर जात नाहीं व बाहेरचें आंत येत नाहीं. ती कच्ची घागर नव्हे, झिलई दिलेली बरणी होय.

या बरणीचे गुण तीन. पहिला गुण हा कीं ती भरत असतां ताणली जाते, परंतु आंतला दाब वाढूं देत नाहीं. मोठ्या माणसाच्या मूत्राशयांत चारशें ते पांचशें घन सेंटिमीटर मूत्र मावतें आणि तोंपर्यंत वरच्या मूत्रपिंडांवर कोणताही भार पडत नाहीं. दुसरा गुण अस्तराचा. शरीरानें टाकून दिलेलें विष तें पुन्हां रक्तांत शिरूं देत नाहीं. तिसरा गुण आज्ञाधारकपणाचा. मालक सांगेल तेव्हां ती रिकामी होते, आणि एरवीं तासन्‌तास निमूटपणें वाट पाहते. माणसाचें शिक्षण, प्रवास, नोकरी, लग्नकार्य, देवळांतील दर्शन, हें सर्व या तिसऱ्या गुणावर उभें आहे. तो गुण गमावलेल्या माणसावांचून दुसऱ्या कोणाच्या हें ध्यानांतही येत नाहीं.

हे गुण निरनिराळ्या कारणांनीं नाहींसे होतात. कांहीं मुलें अशीं जन्मतात कीं त्यांच्या ओटीपोटाची पुढची भिंत आणि मूत्राशय मिटलेलाच नसतो. आंतलें लाल अस्तर उघड्यावर असतें व त्यावरून मूत्र सतत वाहत राहतें. तीस ते पन्नास हजार जन्मांमागें असें एखादें मूल येतें. कांहीं मुलांचा पाठीचा कणा जन्मतः नीट सांधलेला नसतो. त्यांच्या मूत्राशयाला मेंदूचा निरोप पोंचत नाहीं आणि तो हळूहळू जाड, कठीण व कोता होत जातो. आपल्या देशांत क्षयानेंही हेंच केलें आहे. फुप्फुसांचा क्षय सर्वांना ठाऊक असतो. परंतु क्षयाचे जंतू मूत्रपिंडांतून खालीं उतरले म्हणजे मूत्राशयाची भिंत वणांनीं आक्रसते आणि रोग्याला घटकाभरही चैन पडत नाहीं. चौथें कारण कर्करोग. तेथें तर संपूर्ण मूत्राशयच काढून टाकावा लागतो. अशा वेळीं शस्त्रवैद्यापुढें प्रश्न उभा राहतो तो असा, कीं जी पिशवी निसर्गानें एकच दिली, तिच्या जागीं काय ठेवावें?

कांच, रबर, धातू यांच्या पिशव्या शरीर मानून घेत नाहीं. मूत्रांतील क्षार त्यांवर बसून खडे होतात व जंतू घर करतात. तेव्हां उत्तर शरीरांतच शोधणें भाग होतें. १८८८ सालीं इटलींत तित्सोनी आणि फोज्जी या दोघांनीं कुत्रीच्या लहान आंतड्याच्या तुकड्यापासून मूत्राशय करून पाहिला. त्यानंतर दहा वर्षांनीं, एकोणिसाव्या शतकाच्या अगदीं अखेरीस, मिकुलिच या शस्त्रवैद्यानें मनुष्याच्या मूत्राशयाला आंतड्याचें ठिगळ लावलें. हा मिकुलिच व्हिएन्नाच्या थिओडोर बिलरोटचा शिष्य. बिलरोटनें २९ जानेवारी १८८१ रोजीं एका स्त्रीच्या जठराचा कर्करोगग्रस्त भाग कापून उरलेलें जठर आंतड्याला जोडलें, आणि ती स्त्री त्या शस्त्रक्रियेंतून वांचली. जठराचा भाग काढला तरी माणूस जगतो, आणि शिवलेली जखम आम्लांतही भरून येते, हें त्या दिवशीं सिद्ध झालें. गुरूनें जठर कापण्याचें भय घालविलें, शिष्यानें आंतडें मूत्राशयाला शिवलें. परंतु या दोन गोष्टी एकत्र आणण्याचें कोणाच्या मनांत यावयाला आणखी अर्धें शतक जावें लागलें.

तोंपर्यंत सर्व भिस्त आंतड्यावर होती. आंतडें लांब आहे, त्याचा वीतभर तुकडा गेला तर पचनाचें फारसें अडत नाहीं, आणि त्याचा रक्तपुरवठा पंख्याच्या काड्यांसारखा पसरलेला असल्यामुळें एक तुकडा रक्तवाहिन्यांसकट वेगळा करणें सोपें. परंतु आंतड्याचा स्वधर्म शोषणाचा. जन्मापासून त्याला एकच काम शिकविलेलें असतें: समोर जें येईल त्यांतील पाणी व क्षार शोषून रक्ताला देणें. त्याच्यापुढें अन्नरसाऐवजीं मूत्र आलें तरी तें हेंच करतें. मूत्रपिंडांनीं कष्टानें बाहेर टाकलेलें आम्ल तें पुन्हां रक्तांत घेतें. १९५० सालीं अमेरिकेंतील मेयो क्लिनिकच्या फेरिस आणि ओडेल यांनीं मूत्र मोठ्या आंतड्यांत वळविलेल्या रोग्यांच्या रक्ताची परीक्षा केली, तेव्हां त्यांच्यापैकीं पुष्कळांच्या रक्तांत आम्लता वाढलेली आढळली. रक्त दीर्घकाळ आम्ल राहिलें कीं हाडें झिजतात व मुलांची वाढ खुंटते. शिवाय आंतड्याचें अस्तर सदा बुळबुळीत श्लेष्मा सोडतें. तो सांचून नळ्या तुंबतात व खडे होतात. त्याच १९५० सालीं सेंट लुईच्या यूजीन ब्रिकरनें आंतड्याचा लहान तुकडा केवळ पन्हाळीसारखा वापरून मूत्र पोटावरील एका छिद्रांतून बाहेरच्या पिशवींत आणण्याची रीत लोकांपुढें ठेवली. मूत्र आंतड्यांत थांबत नसल्यामुळें तें शोषलेंही फारसें जात नसे. ही रीत अद्यापि चालू आहे. परंतु तींत जन्मभर पोटावर पिशवी बाळगावी लागते.

अशा स्थितींत जठराकडे दृष्टि वळली. जठराचा स्वधर्म आंतड्याच्या उलट आहे. आंतडें घेतें, जठर देतें. जठरांत जें आम्ल असतें तें हायड्रोक्लोरिक आम्ल होय, हें इंग्लंडच्या विल्यम प्राउटनें १८२४ सालींच दाखविलें होतें. तेव्हां तर्क असा चालला: आंतड्याच्या मूत्राशयानें रक्त आम्ल होतें, जठराचा तुकडा रक्तांतील आम्ल घेऊन बाहेर सोडतो, मग ज्या रोग्याचीं मूत्रपिंडें आधींच दुबळीं आहेत आणि ज्याच्या रक्तांत आम्ल सांचलें आहे, त्याच्यासाठीं मूत्राशय जठराचाच करावा. त्यांतून जठराला श्लेष्मा कमी, आणि आम्ल मूत्रांत जंतूही कमी वाढतात. जें आंतड्याचें दूषण तें जठराचें भूषण ठरावें, असा हा सरळ हिशेब होता.

१९५६ सालीं सिनाइको यानें जठराच्या तुकड्यापासून मूत्राशय बनविण्याचे प्रयोग कुत्र्यांवर करून मूत्राचा जठराच्या स्रावावर काय परिणाम होतो तें तपासलें. पुढें हाँगकाँगमध्यें लिओंग चे-हुंग यांनीं हा धागा उचलला. त्यांनीं आणि त्यांचे सहकारी ओंग यांनीं १९७२ सालीं आपले कुत्र्यांवरील प्रयोग प्रसिद्ध केले, आणि १९७८ सालीं लिओंग यांनीं मनुष्यांवरील अनुभव मांडला. ते जठराचा खालचा, म्हणजे आंतड्याकडील भाग वापरीत. १९८८ सालीं अमेरिकेंतील इंडियाना येथील ॲडम्स, मिचेल आणि रिंक या बालशस्त्रवैद्यांनीं हीच युक्ति थोडी फिरवून मुलांसाठीं सांगितली. ज्या मुलांचीं मूत्रपिंडें खंगत चाललीं होतीं, ज्यांचें आंतडें पूर्वींच्या रोगानें किंवा शस्त्रक्रियांनीं आंखूड झालें होतें, ज्यांना दुसरा मार्ग उरला नव्हता, अशांसाठीं ही शस्त्रक्रिया होती.

ती करण्याची रीत समजण्यास कठीण नाहीं. जठराच्या खालच्या मोठ्या बाकाच्या कडेनें एक रक्तवाहिनी जाते. त्या बाकांतून पाचरीच्या आकाराचा एक तुकडा कापून घेतात, परंतु त्याची रक्तवाहिनी तोडीत नाहींत. नागवेलीचें पान लांब देठासकट खुडावें तसा तो तुकडा वेगळा करतात. मग जठराच्या दोन्ही कडा पुन्हां शिवून टाकतात. जठर थोडें लहान होतें, पण काम करीत राहतें. तुकड्याचा देठ जपून तो पोटाच्या आंतून खालीं ओटीपोटांत उतरवितात, उघडून पसरतात, आणि चिरलेल्या मूत्राशयाच्या तोंडावर ठिगळासारखा शिवतात. जठराची भिंत जाड व स्नायुयुक्त असल्यामुळें तींत मूत्रनलिका पक्क्या बसवितां येतात, हा आणखी एक फायदा. कोता मूत्राशय मोठा होतो, आंतला दाब उतरतो, वरच्या मूत्रपिंडांवरचें ओझें हलकें होतें. पुष्कळ मुलांच्या बाबतींत तें तसें झालेंही. रक्तांतील आम्लता सुधारली, मूत्रपिंडें टिकलीं. कित्येकांना पुढें दुसऱ्याचें मूत्रपिंड बसवून घेण्याइतकी सवड मिळाली. या यशाची किंमत कमी लेखणें अन्यायाचें होईल.

परंतु जठर जठरच राहिलें. जेवणाचा वास आला, घांस पोटांत गेला, कीं शरीर जठराला आम्ल सोडण्याचा इशारा देतें. तो इशारा रक्तांतून येतो. म्हणून ओटीपोटांत नेऊन बसविलेल्या तुकड्यालाही तो पोंचतो. तुकड्याला काय ठाऊक कीं आपण आतां अन्नाच्या कोठींत नसून मूत्राच्या कोठींत आहों! तो इमानें आम्ल सोडतो. वर जठरांत त्या आम्लाला सामावून घ्यावयास अन्न असतें आणि अस्तराला श्लेष्म्याचें कवच असतें. खालीं मूत्राशयाच्या उरलेल्या अस्तराला व मूत्रमार्गाला तसें कवच नाहीं. परिणामीं मूल लघवीच्या वेळीं जळजळीनें कळवळतें, लघवींतून रक्त जातें, आसपासची कातडी पोळते. १९९३ सालीं अशा मुलांची जी पाहणी प्रसिद्ध झाली, तींत सुमारें एक तृतीयांश मुलांना ही व्यथा असल्याचें आढळलें. ज्या मिचेल यांनीं ही शस्त्रक्रिया मुलांसाठीं रूढ केली, तेच ही पाहणी करणाऱ्यांत होते, ही गोष्ट विसरण्यासारखी नाहीं. आपल्याच हातच्या कामाचे दोष मोजून ते छापण्याला शस्त्र चालविण्याहून वेगळें धैर्य लागतें.

दुसरा दोष याहून गंभीर. रक्तांतील आम्ल बाहेर टाकणें हा ज्याचा गुण म्हणून जठर निवडलें, तोच गुण मर्यादा सोडून गेला. मुलाला वांत्या झाल्या, जुलाब झाले, तापांत खाणेंपिणें सुटलें, तर वरून व खालून दोन्ही वाटांनीं आम्ल, मीठ आणि पाणी जातें. रक्तांतील क्षारता एकाएकीं वाढते, स्नायू दुबळे होतात, आणि वेळीं उपचार न झाल्यास जिवावर बेततें. विशेषतः ज्यांचीं मूत्रपिंडें दुर्बळ, त्यांना ही चढलेली क्षारता उतरवितां येत नाहीं. आणि ही शस्त्रक्रिया मुळांत सांगितली होती ती त्यांच्याचसाठीं. साधी पोटाची तक्रार, जी शेजारच्या मुलाला दोन दिवसांत सोडून जाते, ती या मुलाला रुग्णालयांत नेते. आम्ल कमी करणारीं औषधें, जादा मीठ, सोड्याच्या पाण्यानें मूत्राशय धुणें, असे उपाय निघाले. परंतु ते जन्माचे सोबती झाले. तिसरा दोष उशिरां दिसला. दहा वर्षें आणि त्याहून अधिक काळ लोटल्यावर कांहीं रोग्यांच्या या ठिगळांत कर्करोग आढळला. प्रत्येकाला होतो असें नव्हे; परंतु ज्या मुलाला अजून साठसत्तर वर्षें जगावयाचें आहे, त्याच्या हिशेबांत ही शक्यता धरावीच लागते, आणि दरवर्षीं दुर्बिणीनें मूत्राशय आंतून पाहून घ्यावा लागतो.

या अनुभवानें जठराची वाट बंद झाली नाहीं, पण अगदीं अरुंद झाली. कांहींनीं जठर आणि आंतडें यांचे तुकडे एकत्र शिवून पाहिले, म्हणजे एकाचें आम्ल टाकणें व दुसऱ्याचें आम्ल घेणें परस्परांना तोलून धरील. एकंदरींत मात्र शस्त्रवैद्य पुन्हां आंतड्याकडे वळले, कारण मधल्या काळांत आंतडें वापरण्याची रीतच सुधारली होती. पूर्वीं आंतड्याची नळी नळीच्याच स्वरूपांत जोडीत. नळी आपल्या संवयीप्रमाणें लाटेसारखी आकुंचन पावे, आंतला दाब चढे, आणि मूत्र गळे. स्वीडनच्या निल्स कॉक यांनीं नळी उभी चिरून, तिची पट्टी करून, ती पट्टी घडी घालून शिवण्याचा मार्ग दाखविला. चिरलेल्या आंतड्याच्या लाटा एकमेकींना छेदतात व विरून जातात, आणि गोल पिशवींत थोड्या कातड्यांत अधिक मावतें. १९८० नंतरच्या दशकांत जर्मनींतील उल्म येथें हाउटमान व स्वित्झर्लंडमधील बर्न येथें स्टूडर यांनीं या तत्त्वावर सुमारें अर्धा मीटर किंवा थोड्या अधिक लांबीच्या लहान आंतड्यापासून संपूर्ण मूत्राशय बनविले. मूत्राशयाचा कर्करोग झालेल्या रोग्यासाठीं या रीति आज जगभर चालतात.

आणखी दोन साध्या गोष्टींनीं मोठें काम केलें. मिशिगनच्या जॅक लॅपिडिस यांनीं १९७२ सालीं सांगितलें कीं रोग्यानें दिवसांतून ठराविक वेळां स्वच्छ नळी स्वतःच्या हातानें घालून मूत्राशय रिकामा करावा. ती नळी निर्जंतुकच असली पाहिजे असें नाहीं, स्वच्छ असली म्हणजे पुरे. फ्रान्सच्या मित्रोफानोफ यांनीं १९८० सालीं आंत्रपुच्छाचा, ज्याला लोक निरुपयोगी शेपूट समजत, उपयोग करून पोटावरून मूत्राशयांत जाणारी चोरवाट बनविली; म्हणजे चाकाच्या खुर्चींत बसलेल्या मुलालाही ती नळी सहज घालतां येऊं लागली. ज्या वेळीं पिशवी स्वतः रिकामी होत नाहीं त्या वेळीं हात आणि घड्याळ हेच तिचे नोकर होतात. जठर असो कीं आंतडें असो, बहुतेक रोग्यांना हें घड्याळ पाळावें लागतें; तें चुकलें तर पिशवी फुटण्याचाही धोका असतो.

मग कोणाचाच स्वधर्म न मोडतां मूत्राशय मिळावा, हा ध्यास शास्त्रज्ञांनीं सोडला नाहीं. अमेरिकेंतील अँथनी अटाला यांनीं रोग्याच्याच मूत्राशयांतील पेशी घेऊन, त्या प्रयोगशाळेंत वाढवून, एका विरघळणाऱ्या सांगाड्यावर पसरून, पिशव्या तयार केल्या आणि पाठीच्या कण्याचा दोष असलेल्या सात मुलांना त्या लावल्याचें २००६ सालीं प्रसिद्ध केलें. जगभर आशा उंचावल्या. परंतु पुढें झालेल्या दुसऱ्या एका परीक्षेंत, जिचा वृत्तांत २०१४ सालीं आला, मूत्राशय सुधारल्याचें दिसलें नाहीं. ४ मे २०२५ रोजीं लॉस एंजलिस येथें नीमा नासिरी व इंदरबीर गिल यांनीं एका रोग्याला मृत दात्याचें मूत्रपिंड आणि मूत्राशय हीं दोन्ही एकत्र बसविलीं. मनुष्याच्या मूत्राशयाचें हें पहिलें रोपण. येथें अवयव आपल्या मूळच्या कामावरच आला, पण तो दुसऱ्या शरीराचा. त्याला शरीरानें परका मानूं नये म्हणून औषधें घेत राहावें लागतें. देणें येथेंही सुटत नाहीं. सावकार तेवढा बदलतो.

मुंबईला परळच्या परिसरांत के. ई. एम. रुग्णालय १९२६ पासून, मुलांचें वाडिया रुग्णालय १९२९ पासून आणि कर्करोगासाठीं टाटा स्मारक रुग्णालय १९४१ पासून उभें आहे. अंबरनाथ, बदलापूर, उल्हासनगर येथील रोगी पिढ्यानुपिढ्या लोकलगाडीनें तेथें येत राहिले आहेत. दीड तासाच्या या प्रवासांत मूत्राशय दुबळा असलेल्या माणसाची काय अवस्था होते, हें शेजारीं उभ्या असलेल्या प्रवाशाला कळत नाहीं. अशा घरांतील आईबापांपुढें शस्त्रवैद्य जेव्हां कागद ठेवून संमति मागतो, तेव्हां प्रश्न केवळ शस्त्रक्रियेच्या तीनचार तासांचा नसतो. जठराचा तुकडा घ्यावा कीं आंतड्याचा, याचा अर्थ पुढच्या पन्नास वर्षांत या मुलानें कोणतें ओझें वाहावें, असा असतो. आम्ल सोडणाऱ्याचें ओझें, कीं आम्ल शोषणाऱ्याचें. पोटावर पिशवी, कीं हातांत नळी आणि मनगटावर घड्याळ. यांपैकीं एकही वाट फुकट नाहीं. जो शस्त्रवैद्य हें आधीं सांगतो तो रोग्याला भिववीत नाहीं. तो त्याचें ऐश्वर्य त्याच्याच हातीं ठेवतो.

याबाबतींत सुश्रुताचें एक मत ध्यानांत ठेवण्याजोगें आहे. बस्ती हें प्राण घेणारें मर्म, असें त्यानें म्हटलें. तरीही मुतखडा काढण्यासाठीं त्यावर शस्त्र चालविण्याची रीत त्यानेंच तपशिलानें दिली. मात्र ती देतांना त्यानें बजावलें कीं शस्त्र न चालविल्यास मृत्यु निश्चित आहे आणि चालविल्यास यश संशयित आहे. म्हणून आधीं अधिकाऱ्याची अनुज्ञा घेऊन मगच काम करावें. त्या काळीं अधिकारी म्हणजे राजा. आज तो अधिकार रोग्याकडे, आणि मूल असेल तर त्याच्या आईबापांकडे, आला आहे. अडीच सहस्रकांच्या प्रवासांत शस्त्रें बदललीं. परंतु निश्चित व संशयित या दोन बाजू रोग्यापुढें प्रामाणिकपणें मांडण्याचें कर्तव्य बदललेलें नाहीं.

जठराच्या मूत्राशयाच्या कथेंत कोणी खलनायक नाहीं. १९५६ किंवा १९७२ किंवा १९८८ सालीं ज्यांनीं जठराची निवड केली, त्यांनीं हातीं असलेल्या ज्ञानावरून योग्य तेंच वाचलें होतें. आंतड्याचा दोष त्यांनीं बरोबर हेरला, जठराचा गुण बरोबर ओळखला. केवळ तो गुण किती दूर जाईल हें काळाखेरीज कोणाला सांगतां येण्यासारखें नव्हतें. काळानें तें सांगितलें, आणि त्यांनीं, त्यांच्या शिष्यांनीं व सहकाऱ्यांनीं, तें नोंदवून ठेवलें. आज ज्या मुलाच्या पोटांत तो तुकडा आहे, त्याच्या आईला म्हणून ठाऊक असतें कीं वांत्या सुरू झाल्या तर सकाळची वाट पाहावयाची नाहीं.

अंबरनाथच्या तुळईवरील लेख भाऊ दाजींनीं वाचला नसता, तर त्याचें वाचन दुरुस्त करण्याचाही प्रसंग आला नसता. भगवानलालांनीं सातचा नऊ केला म्हणून भाऊ दाजींचा मान कमी झाला नाहीं. मंदिर मात्र आपल्या खऱ्या शतकांत जाऊन उभें राहिलें.